नमस्कार म्हण, मग थांब

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. वय २४. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून दोन वर्षं चोर्ला रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला आहे. गर्दीच्या दिवसांत डायनिंग हॉलमध्येही उभा राहतो. काम मनापासून करतो, पण गेल्या तीन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या आणि हुरूपच गेला.

हत्तरगीच्या कारखान्यात कामासाठी आलेला एक जर्मन पाहुणा शनिवार-रविवार आमच्याकडं राहिला. मी त्याला घरच्यासारखं वागवलं. लग्न झालंय का, मुलं किती, सगळं आपुलकीनं विचारलं. ताट रिकामं राहू दिलं नाही. व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसला तरी मधनंमधनं जाऊन चहा विचारत होतो. त्यानं जाताना गूगलवर लिहिलं, 'जागा सुंदर, पण इथले लोक माणसाला एकटं सोडत नाहीत. टॉवेल पाच मिनिटांत आणतो म्हणाले, अर्धा तास लागला.' मालकांनी तो रिव्ह्यू सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवला.

दुसरं, बेंगळुरूचं एक कुटुंब आलं. मी हिंदीत बोललो. 'कन्नड बरल्वा?', म्हणजे कन्नड येत नाही का, असं त्या गृहस्थांनी जरा जोरातच विचारलं. माझं डोकं फिरलं. म्हणालो, 'हिंदीत बोला, कळतंय की तुम्हाला.' आवाज वाढले. मालकांनी माझा दोन दिवसांचा पगार कापला. मला कन्नड अगदीच येत नाही असं नाही, शाळेत होतं. पण कुणी दरडावलं की तोंडातनं शब्द निघत नाही.

तिसरं सगळ्यात जास्त लागलं. पुण्याचा ग्रुप होता. आपली माणसं म्हणून मी मराठीत सुरू केलं. त्यातली एक मुलगी हसून म्हणाली, 'हे कसलं मराठी? तू हिंदीतच बोल ना.' सगळे हसले.

जर्मनाला माझी आपुलकी नको, बेंगळुरूवाल्यांना माझी हिंदी नको, पुणेकरांना माझं मराठी नको. मग मी कुणासारखं वागायचं? रोज दहा तऱ्हेची माणसं आणि माझ्या तोंडावर दहा मुखवटे. माझं स्वतःचं काही उरणार आहे का? की हे सगळं सोडून घरची भातशेती आणि काजू बघू?

खानापूर तालुक्यातला एक वाचक

ताईंचं उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात त्या पुण्याच्या मुलीचा राग आला, दुसऱ्या वाचनात तुझ्या मालकांचा. तुझा राग कुठंच आला नाही. तुझं एका ठिकाणी चुकलंय असं मला वाटतं, पण ते ठिकाण तू समजतोस ते नाही.

पगाराचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. गिऱ्हाइकाशी वाजलं म्हणून मालकाला मनाला येईल तेवढा पगार कापता येत नाही. दंड कशाकशाबद्दल होऊ शकतो ते आधी लिहून लावलेलं असावं लागतं, तुला तुझी बाजू मांडू द्यावी लागते, आणि दंडाची रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. दोन दिवसांचा पगार म्हणजे साडेसहा टक्क्यांच्याही वर गेलं. भांडायला जाऊ नकोस. पगाराच्या कागदावर ही कपात कोणत्या नावानं दाखवलीय, तेवढं शांतपणे विचार. माझ्या पाहण्यात या एका प्रश्नावर पैसे परत आलेले आहेत. नाहीच आले तर कामगार खात्याच्या ऑफिसात लेखी तक्रार देता येते.

आता जर्मन पाहुणा. तू लिहितोस, 'मी त्याला घरच्यासारखं वागवलं.' चूक मला दिसते ती या एका शब्दात. कुणाच्या घरच्यासारखं? तुझ्या. आपल्या घरात पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानाची नामुष्की. म्हणून आपण वाढत राहतो. पाहुणा ताटावर आडवा हात धरून 'नको, नको, पुरे' म्हणतो, आणि आपण हात बाजूला सारून अर्धी पोळी टाकतोच. पहिलं 'नको' खरं नसतं हे दोघांनाही ठाऊक असतं. जर्मन घरात वाढलेल्या माणसाला हा आग्रहाचा खेळ कुणी शिकवलेला नसतो. त्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की ताटात घेतलेलं संपवावं, आणि संपवलं की त्याच्या मनानं जेवण झालं. तू मायेनं वाढत राहिलास, तो शिस्तीनं संपवत राहिला. पुढच्या वेळी काटा-सुरीकडं बघ. दोन्ही ताटलीत एकमेकांना लागून ठेवली असतील तर जेवण झालं, दोन बाजूंना तिरकी टेकवली असतील तर अजून चालू आहे. हे तुला डिप्लोमाला शिकवलेलं असणार. पण घरची सवय इतकी खोल असते की माया आली की शिकवलेलं विसरतं.

लग्नाचं आणि मुलांचंही तसंच. 'कुठले तुम्ही, घरी कोण कोण असतं' हे विचारल्याशिवाय आपल्याकडं ओळखच होत नाही. न विचारणारा माणूस आपल्याला शिष्ट वाटतो. त्याच्याकडं ही माहिती ओळख मुरल्यावर द्यायची असते. आपण उंबऱ्यावर उभं राहून हाक मारली असं तुला वाटलं, आणि हा थेट माजघरात शिरला असं त्याला. असे पाहुणे आले की प्रवासाचं विचार, खोलीचं विचार, पावसाचं बोल. घरच्यांचा विषय त्यानं काढला तर मग मोकळेपणानं बोल.

आणि ते 'पाच मिनिटांत'! आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ 'ऐकलं, काळजी नको' एवढाच असतो. तो मात्र घड्याळ बघतो. टॉवेल यायला वीस मिनिटं लागणार असतील तर पंचवीस सांग, आणि अठराव्या मिनिटाला दे. जमणार नसेल तर 'बघतो' म्हणू नकोस. 'बघतो' ऐकलं की आपल्याला कळतं, होणार नाही. त्याला वाटतं हा खरंच बघायला गेलाय, आणि तो वाट बघत बसतो. आपण मान डोलावतो ती होय की नाही, तेही त्याला उमगत नाही. तोंडानं स्पष्ट सांग.

मिल्टन बेनेट या अमेरिकन अभ्यासकानं १९८६ साली परक्या संस्कृतीकडं बघण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर माणसाला फरक दिसतच नाही. दुसरीवर दिसतो, पण आपलं तेवढं बरोबर आणि त्यांचं वाईट, असं वाटतं. तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण भली माणसं तिथंच अडकतात. ती म्हणते, 'शेवटी माणसं सगळी सारखीच.' ऐकायला किती गोड! पण रोजच्या कामात तिचा अर्थ 'सगळे माझ्यासारखेच' असा होऊन बसतो. तू आज त्या पायरीवर आहेस. मीही होते, बरीच वर्षं.

ऐक. मी तुझ्या वयाची असताना बेळगावातल्या एका लॉजच्या काउंटरवर होते. थंडीचे दिवस. अथणीकडचं एक वयस्क जोडपं दवाखान्याच्या कामासाठी आलं. आजी म्हणाल्या, 'आम्ही जैन आहोत.' मी लगेच म्हटलं, 'काळजीच करू नका आजी, कांदा, लसूण, बटाटा, कशाचा स्पर्श होऊ देणार नाही.' स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. वेगळी कढई घासून घेतली, मुगाचं वरण, दुधीची भाजी, गरम ज्वारीची भाकरी करून घेतली. आठ वाजता दोन ताटं रुमालानं झाकून मीच वर घेऊन गेले. आजोबा खाटेच्या कडेला बसले होते, उशाशी गोळ्यांची पाकिटं होती. आजींनी रुमाल उचलून ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, 'बाळ, दिवस मावळला की आम्ही पाणीपण घेत नाही.' थंडीत आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. दोघं दुपारपासून तशीच होती. सांगितलंय म्हणजे मुलीला कळलं असेल, या भरवशावर वाट बघून बघून त्यांनी दिवस घालवला होता. रागावल्या नाहीत. रुमाल परत नीट झाकला आणि 'एवढं केलंस गं' म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड वाटतो.

ज्या जिल्ह्यातल्या सदलग्यात १९४६ साली जैन मुनी आचार्य विद्यासागर जन्मले, जिथल्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती, जैनांचं देऊळ, उभी आहे, त्या बेळगावात वाढलेली मी. माझ्या वर्गात जैन मुली होत्या, त्यांच्या डब्यातलं मी खाल्लेलं होतं. जैन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं, आणि ठाऊक आहे असं वाटलं म्हणूनच मी विचारलं नाही. 'जेवण किती वाजता लावू?' एवढं एक विचारलं असतं तर ताटं पाच वाजता वर गेली असती.

तेव्हापासून 'अमक्या देशाचे लोक असे, तमक्या समाजाचे तसे' अशा याद्या पाठ करणाऱ्यांची मला धास्ती वाटते. आपल्या बेळगावात मलेशियाची मुलं-मुली डॉक्टर व्हायला येतात, पदवीच्या वेळी त्यांचे आईवडील येतात. मी स्टाफला शिकवायला जात होते त्या एका हॉटेलात अशा एका कुटुंबासाठी सगळी तयारी केलेली होती. हलाल चिकन, खोलीत नमाजाची दिशा दाखवणारी खूण, सगळं. तयारी चांगलीच होती. आलेलं कुटुंब तमिळ हिंदू निघालं, आणि शाकाहारी. यादी वाचून तयारी कर, हरकत नाही, पण खोलीची किल्ली देताना विचार.

विचारायचं कसं, हेही कसब आहे. आपल्याकडं आडनावावरनं जात काढायची आणि जातीवरनं ताट ठरवायचं, ही जुनी खोड आहे. ती काउंटरवर आणायची नाही. 'तुम्ही कोण?' हा प्रश्नच नको. 'तुम्हाला काय चालतं?' हा प्रश्न हवा. आणि तो सगळ्यांना, सरसकट. जेवणात काय चालत नाही, जेवण किती वाजता, खोलीत आणखी काही लागेल का. एकालाच विचारलं तर त्याला वेगळं काढल्यासारखं वाटतं, सगळ्यांना विचारलं की ती तुमच्या जागेची पद्धत होते. परदेशी पाहुण्याकडं पासपोर्ट मागतानाही एक वाक्य जोड: 'इथं राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांची माहिती आम्हाला चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते.' कारण कळलं की माणूस कुरकुरत नाही.

आपल्या भागातली दोन उदाहरणं देते, कारण तुला ती कधी ना कधी भेटणारच. लिंगायत पाहुण्याच्या गळ्यात इष्टलिंग, म्हणजे रोज पूजायचं छोटं शिवलिंग, असू शकतं. पोहण्याच्या तलावापाशी 'दागिने काढून ठेवा' असा नियम असतो, आणि त्या नियमाच्या भरात इष्टलिंग काढायला सांगणारा मुलगा मी पाहिलाय. त्या आजोबांचा चेहरा मला आठवतो. ते दागिन्यात धरायचं नसतं. दुसरं, पुढं कधी हायवेवरच्या हॉटेलात काम केलंस तर सौंदत्तीला निघालेली कोल्हापूर-सांगलीकडची माणसं मुक्कामाला येतील. एखाद्या बाईच्या डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीला बसवलेली टोपली, असेल. तो सामानासारखा उचलून लिफ्टमध्ये ठेवायचा नाही. 'आईला कुठं बसवायचं?' असं विचार. एवढ्या एका वाक्यानं ती माणसं तुझी होतात.

आता कन्नडचं. इथं मी जपून लिहितेय. १९५६ पासूनची ही जखम आहे. तुझ्या-माझ्या घरात तिचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. १ नोव्हेंबरला याच शहरात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं दंडावर काळी फीत. तू तुझी भाषा सोड असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण लांबनं गाडी चालवत लेकरांना घाटातला पाऊस दाखवायला आलेला तो बाप म्हणजे सीमाप्रश्न नव्हे. त्याचा आवाज चढला हे चुकलंच. तरी त्याला काय हवं होतं ते बघ. दमून भागून आल्यावर दारात कुणीतरी आपल्या भाषेत 'या' म्हणावं, एवढंच. पुण्याच्या त्या मुलीकडनं तुला जे हवं होतं तेच त्याला तुझ्याकडनं हवं होतं.

आणखी एक. आपल्या कानाला इथल्या कन्नडमधल्या 'री'ची सवय आहे. 'बर्री, कूडरी, ऊट आतेनरी?' या बसा, जेवण झालं का? त्या 'री'मध्ये आपल्या 'अहो'चा मान आहे. बेंगळुरूकडच्या बोलण्यात तो 'री' इतका सारखा येत नाही. त्यामुळं 'बरल्वा?' तुला होतं त्याहून जास्त टोकदार लागलं असेल.

बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेऊन बसणाऱ्या बायका बघितल्यास का? सुट्टीच्या दिवशी जा आणि अर्धा तास नुसता उभा राहा. माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी ओल्या पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडून बसतात. गिऱ्हाईक समोर आलं की त्या आधी बोलत नाहीत. जुड्यांवर पाण्याचा हात मारतात, मान वर करतात, हसतात. गिऱ्हाइकाच्या तोंडातनं पहिला शब्द पडतो, 'कशी दिली?' किंवा 'हेंगरी?', आणि मावशींचं उत्तर त्याच भाषेत येतं. 'वीसला दोन' किंवा 'इप्पत्तक्क एरडरी'. कधी नवरा मराठी बोलणारा असतो आणि बायको कन्नड, तेव्हा मावशी वाक्य एका भाषेत सुरू करून दुसरीत संपवतात, आणि तेवढ्यात हात पिशवी उघडून जुड्या आत घालतही असतात. यात त्या कुणापुढं लहान झाल्या असं मला कधी दिसलं नाही. दिवस संपल्यावर पोतं झटकून, नातवाला मराठीत हाक मारत त्या घरी जातात. परक्यांशी कसं वागावं यावर मी कितीतरी व्याख्यानं ऐकली, शिकले मात्र मावशींच्या पोत्यापुढं उभं राहून.

मावशींकडनं एवढंच उचल की पहिला शब्द गिऱ्हाइकाचा. 'नमस्कार' दोन्ही भाषांत आहे. नमस्कार म्हण, मग थांब. दोन क्षण. पाहुणा कोणत्या भाषेत उत्तर देतो ते ऐक आणि तिथनं पुढं चाल. तू थेट हिंदीत सुरू केलंस, म्हणजे त्यानं तोंड उघडायच्या आधीच तू त्याच्या वतीनं ठरवून टाकलंस.

शाळेतलं कन्नड आहे म्हणतोस, तर काउंटरवरची वीस-पंचवीस वाक्यं घासूनपुसून घे. अडखळलास तरी चालेल. 'स्वल्प स्वल्प बरतैतरी', थोडं थोडं येतं, एवढं हसून म्हटलं तरी समोरचा माणूस सैल होतो, मदतही करतो. काही शब्दांना मात्र जप. 'खार कडिमी माडरी' असं पाहुणा म्हणाला तर तो तिखट कमी करा म्हणतोय. आपल्या कानाला खारट ऐकू येतं आणि स्वयंपाकघरात मीठ कमी होतं. नवीन मुलांच्या हातनं हे मी कितीदा झालेलं पाहिलंय. आणि निरोप देताना बघ, आपण घरातनं निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कन्नड माणूसही 'होगि बर्तेवरी' म्हणतो, जाऊन येतो. तू त्यांना 'होगि बर्री' म्हण. त्या बेंगळुरूच्या गृहस्थांना तू जाताना एवढं म्हणाला असतास तर पगाराचा प्रश्नच आला नसता, असं मला वाटतं.

पुण्याच्या मुलीचं तुला सगळ्यात जास्त लागलं, आणि लागणारच. परक्यानं टाळलं तर सोसतं, आपल्यानं हसलं की आत जातं. तुझ्या मराठीत खोट नाही. 'होय की', 'बस की', 'काय करालास' हे मराठीच आहे. ते या मातीत कन्नडच्या शेजारानं असं झालंय, आणि सरकारी कागद, कचेरी, पाट्या सगळं दुसऱ्या भाषेत असताना घराघरांतनं टिकून राहिलंय. धारवाडच्या माणसाला विचार, त्याच्या कन्नडलाही बेंगळुरूत हसणारे भेटतात. तेव्हा पुढच्या वेळी हिंदीत जाऊ नकोस. शांतपणे म्हण, 'आमच्या बेळगाव भागात असंच बोलतात. एखादा शब्द कळला नाही तर विचारा, सांगतो.' आणि मराठीतच पुढं चालू ठेव. त्यात उद्धटपणा काही नाही. पाहुण्याला दुसऱ्या गावचं मराठी ऐकायला मिळणं हा त्याच्या सहलीचाच भाग आहे.

पुण्या-मुंबईचे वाचकही हे सदर वाचतात. त्यांना हात जोडून सांगते, इकडं याल तेव्हा या मुलांच्या मराठीला हसू नका. तुम्हाला ती भाषा आयती मिळालीय. यांनी ती राखलीय.

राहिला मुखवट्यांचा प्रश्न. तो मला सगळ्यात खरा वाटला. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचं काम जवळून पाहिलं आणि १९८३ साली त्या कामाला नाव दिलं, भावनिक श्रम. हसणं, राग गिळणं, समोरच्याला बरं वाटू देणं हे कष्टच आहेत, पण ते पगाराच्या हिशोबात कुणी धरत नाही. पोती उचलणाऱ्याला पाठ टेकायला जागा लागते, तशी तुलाही लागते. म्हणून काउंटरवरच्या दोघा-तिघांनी आपसांत एक वाक्य ठरवून ठेवा. आमच्याकडं ते 'जरा रजिस्टर बघतोस का?' असं होतं. एकाचा पारा चढायला लागला की त्यानं हे म्हणायचं, दुसऱ्यानं काउंटर सांभाळायचं, आणि पहिल्यानं मागं जाऊन दहा मिनिटं पाणी पीत बसायचं. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. तुझ्या त्या दिवशी असं कुणी शेजारी असतं तर एवढं झालं नसतं.

आणि एक हद्द पक्की ठेव. पाहुणा शिवी देतो, अंगावर येतो, हाउसकीपिंगच्या मुलीचा हात धरतो, तिथं 'त्यांची पद्धत वेगळी असेल' हा विचार मनात आणायचा नाही. तिथं मॅनेजरला बोलवायचं, लागलं तर पोलिसांना.

स्वतःचं काही उरेल का म्हणतोस. तू आजीशी बोलतोस तसं मित्रांशी बोलत नाहीस, गावच्या देवळात उभा राहतोस तसा एस.टी.त उभा राहत नाहीस. त्याला तू कधी मुखवटा म्हणाला नाहीस. जर्मन पाहुण्याला एकटं सोडणं आणि आजींना पाचला जेवण देणं, दोन्हीमागं माणूस तोच आहे, त्याची काळजीही तीच आहे. मुखवटा वाटायला लागतो तो मनात राग असताना हसावं लागतं तेव्हा. आणि तो राग बहुतेक वेळा पाहुण्याचा नसतो, पाठीशी कुणी नाही याचा असतो.

म्हणून हे पुढचं तुझ्या मालकांसाठी. त्यांना हा अंक दाखव. साहेब, रिव्ह्यू सगळ्यांसमोर वाचून एका मुलाला उभं केलंत, त्यानं बाकीचे काय शिकले? तक्रार लपवायला शिकले. आठवड्याला एक तास काढा, सगळ्यांना बसवा, त्या आठवड्यात काय अडलं ते नाव न घेता बोला. कन्नड चांगलं येणारं एक माणूस प्रत्येक पाळीत ठेवा. बुकिंग घेतानाच जेवणाचं आणि वेळेचं विचारून घ्या. मुलाचा पगार कापून यातलं काहीच होत नाही.

भात आणि काजूचं म्हणशील तर, शेतीची ओढ असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही. पण या तिघांनी दुखावलं म्हणून जाऊ नकोस. दोन वर्षं काउंटरवर काढूनही ज्याला पाहुण्याच्या एका वाक्यानं झोप लागत नाही, असा मुलगा या धंद्याला लागतो.

त्या जर्मन पाहुण्याच्या रिव्ह्यूखाली अजून कुणी उत्तर दिलेलं नसणार. मी मसुदा करून देते. इंग्रजी करून मालकांना दाखव आणि तूच टाक.

'आपण मोकळेपणानं लिहिलंत, आभारी आहे. रिकामं ताट दिसलं की वाढायचं, ही आमच्या घरांतली रीत आहे. आपल्याला निवांतपणा हवा होता, ते मी विचारायला हवं होतं. टॉवेलची वेळही मी चुकीची सांगितली. पुढच्या वेळी याल तेव्हा जेवण किती आणि केव्हा, ते आपण सांगाल तसं होईल. पावसाळा सरताना इथं सकाळी धुकं उतरतं. व्हरांड्यातली कोपऱ्याची खुर्ची आपल्यासाठी ठेवेन. चहाचा थर्मास शेजारी असेल, आणि आपण बोलावल्याशिवाय तिकडं कुणी येणार नाही.'